बहुपडदा संगणकाचा वीजपुरवठा : निवड आणि दोषनिदान

एकाच संगणकाला दोन, तीन अथवा चार मॉनिटर जोडून काम करण्याची पद्धत आता संशोधनक्षेत्रात रूढ झाली आहे. उपग्रहचित्र, नकाशा आणि मोजमापांचा तक्ता ही सर्व साधने एकाच वेळी दृष्टीसमोर असणे अभ्यासकास सोयीचे ठरते. अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) विचार केला, तर राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ काय, किंवा एखाद्या सहकारी साखर कारखान्याचा नियंत्रण कक्ष काय, दोन्ही ठिकाणी अशा व्यवस्थेची उपयुक्तता उघड आहे. परंतु असा संगणक कामाच्या भरात पूर्वसूचनेवाचून बंद पडतो, तेव्हा रात्रभर चाललेली आकडेमोड वाया जाते. मग "मॉनिटर वाढले, आता मोठा एसएमपीएस आणा" असा उपाय सुचविला जातो. अधिक वॅटचा वीजपुरवठा संच येतो. पुष्कळदा दोष मात्र तसाच राहतो. असे का घडते आणि खर्च करण्यापूर्वी दोषाचे स्थान कसे निश्चित करावे, याचे विवेचन येथे केले आहे.

१. मॉनिटरचा भार कोणावर पडतो?

प्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सामान्य मॉनिटर आपली वीज भिंतीवरील सॉकेटमधून स्वतंत्रपणे घेतो. संगणकाच्या पेटीतील एसएमपीएसवर त्याचा प्रत्यक्ष भार पडत नाही. पेटीत भार वाढतो तो ग्राफिक्स कार्डाचा, आणि तोही वेगळ्या कारणाने. एकच मॉनिटर असताना व काम थंडावलेले असताना कार्ड आपल्या स्मृतीचा वेग कमी करून विश्रांती घेते. हा वेगबदल चित्राच्या दोन चौकटींमधील अल्प अवकाशातच करावा लागतो. भिन्न वेगाने चित्र बदलणारे मॉनिटर जोडले असता त्यांचे अवकाश एकमेकांशी जुळत नाहीत. परिणामी अनेक कार्डांची स्मृती सतत उच्च वेगावर राहते. कार्ड तापते, पंखा फिरत राहतो. तथापि यामुळे वाढणारा भार सामान्यतः काही दशक वॅटांचाच असतो. तेवढ्यासाठी दुप्पट क्षमतेचा संच घेणे समर्थनीय नाही.

२. क्षमतेचा हिशेब

उदाहरणादाखल प्रोसेसरचा कमाल भार २०० वॅट, ग्राफिक्स कार्डाचा २२० वॅट आणि उर्वरित भागांचा ८० वॅट धरला, तर बेरीज ५०० वॅट होते. येथे ६५० ते ७५० वॅटचा संच योग्य ठरतो. ही शिल्लक ठेवण्याचे मुख्य कारण सरासरी भार नसून क्षणिक उसळी हे आहे. आधुनिक ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरता आपल्या नाममात्र भाराहून कितीतरी अधिक प्रवाह ओढते. म्हणूनच २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एटीएक्स ३.० या मानकात, सोळा खिळ्यांची नवी जोडणी असलेल्या व ४५० वॅटहून मोठ्या संचाने नाममात्र क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अपेक्षा नमूद आहे. जुन्या किंवा हलक्या संचात अशी उसळी येताच संरक्षक मंडल कार्यान्वित होऊन सर्व काही क्षणात बंद होते. अनेकदा मागील खटका एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज संगणक जागा होत नाही, हे या दोषाचे लक्षण होय.

तीन गोष्टी वेष्टनावरील एकूण वॅटपेक्षा महत्त्वाच्या आहेत. पहिली, १२ व्होल्ट वाहिनीची स्वतंत्र क्षमता. कारण प्रोसेसर व कार्ड यांचा जवळजवळ सर्व भार तिच्यावरच असतो. दुसरी, जोडणी. आठ खिळ्यांच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॅट आहे. कार्डाला अशा दोन जोडण्या लागत असतील, तर त्या एकाच दुतोंडी तारेवर न घेता स्वतंत्र तारांनी द्याव्यात. तिसरी, ८० प्लस या चिन्हाचा अर्थ. हे चिन्ह कार्यक्षमतेची ग्वाही देते. संरक्षक मंडलाची अथवा कपॅसिटरच्या दर्जाची देत नाही.

३. वीस मिलिसेकंदांचा प्रश्न

आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्याने त्याचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. ग्रामीण भागात एखादे आवर्तन हरवणे किंवा दाब क्षणभर खचणे ही विरळ घटना नाही. शेतीपंपांच्या वाहिनीवर वीज येताच ऑटो स्विच लावलेल्या अनेक मोटारी एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. गावठाणाची वाहिनी वेगळी असली, तरी दोन्हींचे उपकेंद्र एकच असल्यास हा धक्का तिकडेही पोहोचू शकतो.

सतत कमी असलेला दाब चांगला एसएमपीएस सहन करतो. १०० ते २४० व्होल्टपर्यंतच्या दाबावर तो चालतो, फक्त ओढलेला प्रवाह वाढतो. क्षणिक खंड मात्र त्याला आपल्या मुख्य कपॅसिटरमधील साठ्यावर निभावून न्यावा लागतो. हा साठा मोजता येतो. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३९० व्होल्टला भारित असेल आणि ३०० व्होल्टपर्यंत उतरेतो संच चालत असेल, तर उपयोगात येणारी ऊर्जा सुमारे १४.६ जूल होते. साठ्यावर ५५० वॅटचा भार असता ती सुमारे २६ मिलिसेकंद पुरते. एक हरवलेले आवर्तन निभावते. हाच कपॅसिटर जुना होऊन ३०० मायक्रोफॅरडवर आला, तर ऊर्जा ९.३ जूल व अवधी केवळ १७ मिलिसेकंद उरतो. आता तेच आवर्तन हरवले की संगणक बंद पडतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअसच्या वाढीस साधारण निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. या जिल्ह्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पंख्याच्या जाळीत धूळ साचते. म्हणजे "पूर्वी चालत होता, आता पडतो" या तक्रारीमागे नवा मॉनिटर नसून झिजलेला कपॅसिटर असण्याचा संभव मोठा आहे.

४. यूपीएस आणि इन्व्हर्टर

वरील उदाहरणात आतील ५०० वॅट भारासाठी, कार्यक्षमता ८८ टक्के धरली असता, भिंतीतून सुमारे ५७० वॅट घेतले जातात. प्रत्येकी ३० वॅटचे तीन मॉनिटर मिळविल्यास बेरीज ६६० वॅट होते. येथे मॉनिटरांची संख्या खरोखर महत्त्वाची ठरते. १ केव्हीए म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक यूपीएसची वास्तव क्षमता ६०० वॅट असते. वीज असेतो सर्व सुरळीत चालते. ती जाताच अतिभारामुळे यूपीएसच बंद पडतो आणि दोष मात्र एसएमपीएसच्या माथी मारला जातो. तेव्हा यूपीएस निवडताना केव्हीए न पाहता वॅट पाहावेत.

घरगुती इन्व्हर्टरचा प्रश्न आणखी निराळा आहे. त्यांपैकी काहींची तरंगाकृती चौकोनी असते व वीजबदलास लागणारा अवधीही अधिक असतो. शक्तिगुणक सुधारणारे काही आधुनिक एसएमपीएस अशा तरंगावर बंद पडतात. शुद्ध ज्यातरंग देणारे साधन हाच येथे उपाय.

५. दोष कोठे आहे?

संगणक पुन्हा चालू झाल्यावर त्याची नोंदवही प्रथम वाचावी. विंडोज प्रणालीत कर्नेल-पॉवर ४१ ही नोंद आढळते. तिच्यातील बगचेक संकेतांक शून्य असेल, तर प्रणालीला काही लिहिण्यास अवसरच मिळाला नाही, असा अर्थ होतो. वीज तुटल्याचा संशय बळावतो. मात्र गोठलेला संगणक वापरणाऱ्याने स्वतः बटण दाबून बंद केला असला, तरी हाच शून्य उमटतो, म्हणून "आपोआप बंद झाला की बंद करावा लागला?" हा प्रश्न अवश्य विचारावा. याउलट ४१०१ ही नोंद असेल, अथवा संकेतांक २७८ (षोडशमान पद्धतीत 0x116) असेल, तर ग्राफिक्स कार्डाने ठरावीक अवधीत (साधारणतः दोन सेकंदांत) उत्तर दिले नाही, असे समजावे. तेथे ड्रायव्हर, उष्णता किंवा केबल यांची तपासणी आधी करावी.

केबलचा एक दोष विशेष उल्लेखनीय आहे. डिस्प्लेपोर्ट केबलमधील विसावा खिळा दोन्ही टोकांना जोडलेला नसावा, असा संकेत आहे. काही हलक्या केबलींत तो जोडलेला असतो. मग मॉनिटरमधील वीज उलट ग्राफिक्स कार्डात शिरते आणि संगणक चालू न होणे किंवा मध्येच अडखळणे असे प्रकार घडतात. तसेच सर्व मॉनिटर व पेटी यांना एकाच अर्थिंगची वीज द्यावी. निरनिराळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये दाबाचा फरक असल्यास तो प्रवाह केबलच्या कवचातून वाहतो. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंगचा रोध वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी : एकच मॉनिटर ठेवून पाहणे, सर्व मॉनिटरांचा चित्रवेग समान करणे, केबल बदलणे, प्रोसेसर व कार्ड यांवर आधी वेगवेगळा व मग एकत्र भार देणे, कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणणे, यूपीएस वगळणे, आणि शेवटी उसना एसएमपीएस लावणे. वीजमर्यादा उतरविताच दोष नाहीसा झाला, तर १२ व्होल्ट वाहिनीकडे बोट दाखविता येते. प्रत्येक बंद पडण्याची वेळ लिहून ठेवावी; शेतीपंपांच्या वीजवेळेशी ती जुळली, तर वेगळ्या पुराव्याची गरज फारशी उरत नाही.

दोष अनियमित असेल, तर घाईने निष्कर्ष काढू नये. सरासरी तीन दिवसांनी एकदा यदृच्छया बंद पडणारा संगणक काहीही न बदलता तीन दिवस निर्वेध चालण्याची संभाव्यता ३७ टक्के आहे. ती ५ टक्क्यांवर आणण्यासाठी नऊ दिवस, म्हणजे सरासरी अंतराच्या तिप्पट काळ, वाट पाहावी लागते. साध्या मल्टिमीटरवर मिलिसेकंदांची घट दिसत नाही, म्हणून त्याच्या स्थिर आकड्यावरही विसंबू नये. एसएमपीएसची पेटी मात्र कदापि उघडू नये. वीज काढल्यानंतरही मुख्य कपॅसिटरवर प्राणघातक दाब राहू शकतो.

६. तात्पर्य

बहुपडदा संगणकाच्या बंद पडण्याची कारणे तीन स्थानी शोधावी लागतात : बाहेरील वीज व यूपीएस, पेटीतील एसएमपीएस, आणि कार्डापासून मॉनिटरपर्यंतची चित्रशृंखला. मॉनिटर वाढविल्याने पहिल्या व तिसऱ्या स्थानावरील ताण वाढतो. दुसऱ्यावर तुलनेने अल्प. रूढ उपाय मात्र दुसऱ्याच स्थानी योजला जातो. विभागाचा मर्यादित निधी खर्चण्यापूर्वी नोंदवही वाचणे, वॅटांची बेरीज करणे आणि नऊ दिवस धीर धरणे, या तीन गोष्टींना काहीच मोल पडत नाही.