‘मला’चा ‘आय’ होताना

पनवेलमधल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात फळ्यावर कधी ना कधी एक तक्ता येतोच. कॅन म्हणजे शकणे, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच, मे म्हणजे कदाचित. समोर तळोजा एमआयडीसीत लागलेली पोरं असतात, दुकान सांभाळणाऱ्या बायका असतात. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हा तिथल्या काउंटरवर नोकरीची आस धरून येणारेही त्यांत आले. तक्ता वहीत उतरतो, पाठही होतो. मग ‘मला आज लवकर जायला हवं’ हे इंग्रजीत सांगायची वेळ येते आणि तोंडातून निघतं, ‘आय वाँट टू गो अर्ली टुडे’. घरी कुणी आजारी आहे म्हणून जाणं भाग आहे, पण साहेबाला ऐकू येतं की याला आज कंटाळा आलाय. क्रियापद चुकलं असं म्हणून आपण सोडून देतो. चुकीचं मूळ मात्र क्रियापदाच्या आधीच्या शब्दात, म्हणजे ‘मला’मध्ये आहे आणि तक्त्यात त्या शब्दाला जागाच नाही.

‘मला पाणी हवं’ आणि ‘मला जायला हवं’ ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे तेच ‘मला’ आणि तेच ‘हवं’, पण पहिल्यात तहान आहे आणि दुसऱ्यात कर्तव्य. ‘मला उद्या अलिबागला जायचंय’ यात तर समुद्रावर फिरायला जायचंय की कोर्टात तारीख आहे, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं. मराठीत इच्छा आणि गरज एकाच दाराने येतात, कारण दोन्ही माणसाकडे चालत येतात. भूक लागते, ताप येतो, पोहता येतं, जावं लागतं आणि या सगळ्यांत माणूस ‘मला’ म्हणून एका जागी बसलेला असतो. शाळेच्या व्याकरणातलं शक्य क्रियापद आठवा. ‘आजीला जिना चढवत नाही’ या वाक्यात आजी काही करत नाही, जिनाच तिला दाद देत नाही. ‘मी जाऊ शकतो’ म्हणताना तेवढा ‘मी’ उठून उभा राहतो. कुणाला काही सुचवायचं झालं तर ‘त्याने जावं’, तिथे ‘ने’ लागतो. म्हणजे जमणं, भाग पडणं आणि बरं दिसणं या छटांचा बराचसा भार आपण कर्त्याच्या विभक्तीवर टाकलेला आहे.

इंग्रजीत कर्ता हलत नाही. आय कॅन, आय शुड, आय मस्ट, आय मे, काहीही असो, आय तो आयच. पुढचा शब्दही माणूस बघून बदलत नाही. मुलगी ‘शकते’ आणि मुलगा ‘शकतो’ हा भेद तिथे नाही, तिसऱ्या पुरुषी एकवचनात इतर क्रियापदांना लागणारा ‘स’ही या मंडळींना लागत नाही. ‘ही कॅन्स’ ही चूक आठवडाभरात जाते, तिचं एवढं दुःख करायचं कारण नाही. खरी अडचण ही की कर्ताही गप्प आणि क्रियापदाचं रूपही गप्प, त्यामुळे सगळी छटा मधल्या नऊ-दहा चिमुकल्या शब्दांवर येऊन पडते. आपण ‘मला’मध्ये जे मोघम ठेवून देतो, त्याचा निवाडा इंग्रजी बोलताना आधी करावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, ‘टू मी गो’ असं तर कुणी शिकाऊसुद्धा म्हणत नाही, ‘मला’चा ‘आय’ सगळे बिनचूक करतात, मग दोष सर्वनामाचा कसा? पण खोच तिथेच आहे. ‘मला’चा ‘आय’ इतक्या सहज होतो की ‘मला’तला अर्थ वाटेत सांडल्याचं लक्षातच येत नाही. आणि ही रीत इंग्रजीला परकी होती असंही नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत येणारा ‘मीथिंक्स’ हा शब्द रचनेने आपला ‘मला वाटतं’च आहे. पुढे तिथला ‘मला’ मागे पडला आणि ‘आय थिंक’ राहिलं. ‘कॅन’चं मूळही ‘जाणणे’ या अर्थाचं, आपल्या ‘ज्ञा’ धातूच्या गोतातलं. ‘मला पोहता येतं’ याला ‘आय कॅन स्विम’ चपखल बसतं ते उगाच नाही. तक्त्यातल्या ‘शकणे’पेक्षा हे ‘येणं’ त्याला जवळचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. व्याकरण कशाला हवं, वाक्यं कानावर पडू द्या, आपोआप येतील. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि वर्गाच्या दारात ‘मे आय कम इन’ हे वाक्य पोरं छान म्हणतात. पण ते वाक्य दारातच राहतं. तेच पोर मोठं होऊन बँकेत उभं राहिलं की म्हणतं, ‘गिव्ह मी वन फॉर्म’. त्याला उद्धट ठरवणं अन्यायाचं आहे. मराठीत त्याने ‘तुम्ही मला एक फॉर्म द्या’ असं म्हटलं असतं आणि त्या ‘तुम्ही’त आणि ‘द्या’त पुरेशी अदब होती. इंग्रजीत ‘दाऊ’ हे एकेरी सर्वनाम रोजच्या बोलण्यातून गेलं, उरलं फक्त ‘यू’. तू, तुम्ही, आपण या तिन्ही पायऱ्या सपाट झाल्या. मग आदर ठेवायचा कुठे? तो ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘मे आय’ यांत जाऊन बसला. जी अदब आपण सर्वनामात ठेवतो ती इंग्रजी क्रियापदात ठेवते, एवढी एक गोष्ट सांगितली तर तक्त्याचं अर्धं काम होतं.

आपापसात ‘यू प्लीज कम’ चालतं, भारतीय इंग्रजीची ती रीतच आहे, असंही म्हणता येईल. चालतंच, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांशी वाद घालायला मी तयार आहे. पण विमानतळाच्या काउंटरपलीकडचा माणूस आपल्यातला असेलच असं नाही.

‘कुड’ हे ‘कॅन’चं भूतकाळाचं रूप, मग आत्ताच्या विनंतीत भूतकाळ कसा, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडतोच. त्याचं उत्तर द्यायला मराठीबाहेर जावं लागत नाही. तहसील कचेरीच्या खिडकीशी माणूस जरा वाकतो आणि म्हणतो, “साहेब, थोडं काम होतं.” काम तर आत्ताच आहे, कागदही हातातच आहेत. तरी तो ‘होतं’ म्हणतो.