तान्हे बाळ, थोरली भावंडे आणि सिनेमाचा बेत

भाऊबीज सरते, दुकानातील सणाची गर्दी ओसरते आणि शाळांची सुट्टी अजून शिल्लक असते. अशा वेळी घरातील आठ-दहा वर्षांची मुले सिनेमाचा हट्ट धरतात. घरात पाच-सहा महिन्यांचे बाळ असेल, तर मात्र बेत अडतो. ‘‘त्यालाही घेऊन जाऊ, मांडीवर झोपून जाईल,’’ असे कोणी सुचवते. ‘‘बाळ जरा मोठे होऊ दे, मग पाहू,’’ असे दुसरे कोणी म्हणते. दोन्ही उत्तरे चांगल्या हेतूनेच दिलेली असतात. परंतु पहिल्यात बाळाचे हित बाजूला पडते आणि दुसऱ्यात थोरल्या मुलांचे. दोघांचाही विचार करणारा मार्ग शोधणे अवघड नाही. त्यासाठी सिनेमागृहात बाळाच्या वाट्याला नेमके काय येते, हे आधी समजून घ्यायला हवे.

झोपलेल्या बाळाचे कान

सिनेमागृहातील ध्वनियंत्रणा साधारणतः ८५ डेसिबल या संदर्भ पातळीवर जुळवली जाते आणि पडद्यामागील प्रत्येक मुख्य ध्वनिवाहिनीचा आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत चढू शकेल, अशी तिची क्षमता ठेवलेली असते. प्रत्येक चित्रपट इतक्या मोठ्याने लावला जात नाही आणि साध्या संवादांचा आवाज त्याहून बराच खाली असतो, हे खरे. परंतु स्फोट, पाठलाग, ढोल-ताशांचे गाणे यांच्या वेळी आवाज अचानक उसळतो. तुलनेसाठी एक मापदंड पाहता येईल. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबल वाढीमागे हा अवधी निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास आणि ९१ डेसिबलला केवळ २ तास.

ही मर्यादा प्रौढ कामगारांसाठी आहे. तान्ह्या बाळाची कर्णनलिका आखूड व अरुंद असल्याने उच्च स्वराचे ध्वनी तिच्यात अधिक तीव्र होतात. शिवाय आवाज सहन होत नाही, हे बाळाला सांगता येत नाही. ते रडते तरी किंवा थकून झोपते तरी. झोपले म्हणून त्याचे कान मिटत नाहीत. कानात कापसाचा बोळा घातल्याने फारसा उपयोग होत नाही आणि रबरी बोळे इतक्या लहान बाळासाठी धोक्याचे असतात. निघून आले, तर ते तोंडात जाऊन घशात अडकू शकतात. बाळाच्या मापाचे, कान बाहेरून झाकणारे संरक्षक मिळतात. त्यांनी आवाज कमी होतो, परंतु बाळ ते तीन तास डोक्यावर राहू देईलच असे नाही.

झोपेचा प्रश्नही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसभरात १२ ते १६ तास झोप लागते आणि वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर बसवूच नये. रात्रीचा खेळ, थंडगार वातानुकूलन आणि घरी पोहोचेपर्यंत झालेली मध्यरात्र यांची किंमत बाळाला आणि त्याच्या आईला पुढचे दोन दिवस मोजावी लागते.

थोरल्याचा हक्क

मग बेत रद्द करावा का? तसेही नव्हे. बाळ घरात आल्यापासून थोरल्या मुलाने बरेच काही सोडलेले असते. आईची कूस, दुपारची गोष्ट, मोठ्याने खेळण्याची मुभा. ‘‘हळू बोल, बाळ झोपले आहे,’’ हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलेले असते. अशा मुलाला सिनेमाला नेले आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगी बाळ रडू लागले म्हणून उठवून आणले, तर त्याच्या मनात एकच गोष्ट ठसते : माझा आनंद बाळामुळे गेला. भावंडांमधील मायेला अशा लहानसहान प्रसंगांनी तडा जाऊ नये, ही काळजी मोठ्यांनीच घ्यायची असते.

म्हणून ‘सर्वांनी मिळून जाऊ’ याचा अर्थ सर्वांनी एकाच अंधाऱ्या दालनात बसणे, असा घेण्याचे कारण नाही. दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला वडिलांनी थोरल्या मुलांना सकाळच्या किंवा दुपारच्या खेळाला न्यावे आणि बाळ आईजवळ घरी राहावे, हा सर्वांत सोपा मार्ग. एरवी रात्री दुकान वाढवूनच घरी येणाऱ्या वडिलांचे सलग तीन तास मिळणे, हीच मुलांना सिनेमाहून मोठी भेट वाटते. मात्र त्या वेळात फोनवर उधारी-वसुलीच्या गोष्टी नकोत.

आईलाही जायचे असेल, तर बाळ आजीजवळ किंवा काकूजवळ ठेवता येते. पण त्यांना गृहीत न धरता आधी विचारावे. अंगावर पिणाऱ्या लहान बाळाला साधारणपणे दर दोन-तीन तासांनी दूध लागते. त्यामुळे चित्रपटाच्या लांबीत जाण्यायेण्याचा वेळ मिळवूनच हिशेब करावा. लहान मुलांचे अनेक चित्रपट दीड-पावणेदोन तासांत संपतात, हे येथे सोयीचे ठरते. सगळेच गेले असतील, तर एका मोठ्या माणसाने बाळाला घेऊन बाहेरच्या दालनात थांबावे आणि मध्यंतरात जागा बदलावी. भारतीय प्रेक्षकांना मध्यंतराची ही सोय आयतीच मिळालेली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहांत रडणाऱ्या बाळांसाठी काचेची स्वतंत्र खोली असे. ब्रिटनमधील काही चित्रपटगृहे तान्ह्या बाळांच्या आईवडिलांसाठी खास खेळ ठेवतात. तेथे आवाज कमी असतो आणि मंद दिवे लागलेले असतात.

तिकिटाआधी आणि चित्रपटानंतर

थोरल्यांसाठी चित्रपट निवडताना प्रमाणपत्र पाहावे. २०२४ च्या नियमांनुसार ‘यूए’ वर्गाचे ‘७+’, ‘१३+’ व ‘१६+’ असे तीन भाग झाले आहेत. सहा वर्षांच्या धाकटीला दहा वर्षांच्या दादाचा चित्रपट मानवेलच असे नाही. चार वर्षांखालील मुलाच्या हाती मक्याच्या लाह्या देऊ नयेत. अंधारात हसता-खाता त्या घशात अडकण्याचा धोका असतो.

घरी परतल्यावर थोरल्यांना चित्रपटाची गोष्ट सांगू द्यावी. ‘एलिझाबेथ एकादशी’सारखा चित्रपट पाहून आलेले मूल पंढरपूरच्या त्या भावाबहिणीने सायकल वाचवण्यासाठी केलेली धडपड हातवारे करून सांगू लागते, आणि आईच्या मांडीवरचे बाळ ते हातवारे पाहून खुदकन हसते. त्या वयाच्या बाळाला पुरेल एवढा सिनेमा त्याला आपल्या भावंडांकडून, घरातल्या उजेडात, सोसेल अशा आवाजात मिळतो. मोठ्या पडद्यासमोर बसण्याची त्याची पाळी यायला अजून अवकाश आहे आणि ती येईल तेव्हा त्याला हात धरून आत नेणारे दादा-ताई असतीलच.