बाहेरच्यांचा न्याय कोणी करावा?

धर्म म्हटला की ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ अशी वाटणी ओघानेच येते. बाहेरच्यांच्या वागणुकीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न मग प्रत्येक धर्मसमाजापुढे उभा राहतो. ख्रिस्ती समाजापुढे तो अगदी आरंभीच उभा राहिला आणि त्याचे जे उत्तर त्याच्या धर्मग्रंथात नोंदले गेले, त्याचा विसर आज अनेकांना पडलेला दिसतो.

इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला एक पत्र लिहिले. करिंथ हे दोन बंदरांचे, भरभराटीचे व्यापारी शहर. तेथील काहींनी पौलाच्या आधीच्या एका पत्राचा अर्थ असा घेतला होता की, दुराचारी माणसांशी कसलाही संबंध ठेवू नये. पौलाने खुलासा केला. बाहेरचे लोभी, लबाड, मूर्तिपूजक अशा सर्वांना टाळायचे म्हटले, तर हे जगच सोडून जावे लागेल. त्यांचा न्याय देवाने करावयाचा. मंडळीचा अधिकार मंडळीपुरताच. वस्तुतः त्याच्या संतापाचे कारण घरातच होते. मंडळीतील एकाने बापाच्या बायकोशी संबंध ठेवले होते आणि मंडळी मात्र आपल्याच फुशारकीत दंग होती.

यामागील तत्त्व व्यवहारातलेच आहे. पतपेढीचे पोटनियम सभासदाला बांधतात; रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणी थकबाकीदार ठरवीत नाही. ज्याने व्रत घेतलेलेच नाही, त्याला व्रतभंगाचा दोष कसा लावणार?

याच पत्रात जेवणाच्या आमंत्रणाचाही विचार आहे. विश्वास न ठेवणाऱ्याने बोलावले आणि जावेसे वाटले, तर जावे. पानात पडेल ते शंका न काढता खावे. ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर मात्र सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकासाठी खाऊ नये. आपल्याकडे कचेरीत सत्यनारायणाचा प्रसाद पुढे येतो, तेव्हा ख्रिस्ती कर्मचाऱ्यापुढे हाच पेच असतो. त्याने प्रसाद नाकारला, तर तो त्याचा अधिकार आहे; परंतु नाकारताना देणाऱ्याचा उपमर्द करण्याचा अधिकार त्याला पौलही देत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी कसोटी एका संसारात लागली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. टिळकांचा स्वभाव तापट. तरीही धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हा बदल किती संथपणे घडला, ते कळते.

यावर आक्षेप येईल की, बाहेरच्यांचा न्याय करावयाचा नाही, म्हणजे त्यांचा अन्यायही मुकाट्याने सोसावयाचा काय? तसे नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना जमावाने मोटारीत जिवंत जाळले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि २००४ पर्यंत बारीपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. परंतु त्या क्षमेने खटला थांबला नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. मनातील वैर सोडणे हे श्रद्धेचे काम, गुन्ह्याला शासन करणे हे राज्यसंस्थेचे. या दोहोंची गल्लत केली, की क्षमा दुबळी ठरते किंवा न्याय सूडाचे रूप घेतो.

खेदाची गोष्ट अशी की, व्यवहारात पौलाचा क्रम नेमका उलटा झाला आहे. शेजाऱ्याच्या मूर्तिपूजेवर, सणांवर, चित्रपटांवर प्रवचने झडतात. मात्र तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती मृतांना दफनभूमीतही वेगळे ठेवले गेले, त्यावर तितक्या त्वेषाने बोलणारे थोडे. चर्चच्या मालमत्तेचे तंटे कोर्टात नेताना आपसांतील वाद बाहेर नेण्याबद्दल पौलाने दिलेला दोष कोणाला आठवत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. इतक्या लहान समाजाची प्रतिष्ठा त्याच्या शाळांतील सचोटीवर, रुग्णालयांतील सेवेवर आणि सभासदांच्या शब्दाला असलेल्या किमतीवर ठरते. त्याने इतरांवर ठेवलेल्या दोषांवर नव्हे. अर्थात, घरातील हिशेब आधी तपासावा, हा सल्ला ख्रिस्ती समाजापुरताच मर्यादित आहे, असे बहुसंख्याकांनीही समजण्याचे कारण नाही.