जळक्या ऑईलची पस्तीस वर्षे

मोटारसायकल मधल्या स्टँडवर चढते, इंजिनाखालचा नट पान्ह्याने सैल होतो आणि गरम, काळे तेल धारेने घमेल्यात पडू लागते. शेवटचे थेंब निथळेपर्यंत मिस्त्री दुसरे काम उरकतो. मग नट घट्ट होतो, त्याच्याभोवतीचा ओघळ चिंधीने पुसला जातो आणि घमेले कोपऱ्यातल्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये रिते होते. खामगाव, चिखली, मेहकर किंवा मलकापूर, कुठल्याही गॅरेजात हे काम दिवसातून अनेकदा होते. गाडीमालक नव्या ऑईलचा डबा सीलबंद आहे ना, हे बारकाईने पाहतो. घमेल्यात काय पडले, तिकडे त्याचे लक्ष नसते. सरकारी नियमांच्या भाषेत ते 'वापरलेले तेल' आणि घातक कचरा आहे. बुलढाणा जिल्ह्यात त्याला जळकं ऑईल म्हणतात. १९८९ पासून आजपर्यंत या तेलासाठी झालेले नियम एका ओळीत मांडून पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक नव्या नियमाने तेल शुद्ध करणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला, आयात करणाऱ्याला अधिक काटेकोरपणे बांधले; पण तेल जिथे निथळते त्या ड्रमपाशी यातला एकही नियम पोचला नाही.

सुरुवात भोपाळनंतर झाली. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली २८ जुलै १९८९ रोजी घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. त्यांत कचऱ्याचे अठरा वर्ग होते आणि नजर होती कारखान्यांवर. भोपाळच्या सावलीत लिहिलेल्या नियमांनी कारखान्याकडे पाहावे, यात गैर काही नव्हते. पण कचरा म्हणजे कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारी गोष्ट, ही समजूत तिथे रुजली आणि पुढे टिकून राहिली. तेलाकडे देशाचे लक्ष वेधले गेले तेही गॅरेजामुळे नव्हे, बंदरामुळे. वंगण तेल म्हणून आणलेले १३३ कंटेनर न्हावा शेवा बंदरात अडकून पडले होते, आणि तपासणीत ते घातक टाकाऊ तेल निघाले. घातक कचऱ्यासंबंधीची १९९५ ची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात चालूच होती. त्याच प्रकरणात ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ते तेल आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशातले जळके तेल महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरू द्यायचे नाही, हे त्या आदेशाने पक्के झाले. देशातल्याच गाड्यांखालून रोज निघणाऱ्या तेलाचे काय, हा प्रश्न मात्र त्या खटल्याच्या कक्षेत नव्हता.

त्या प्रश्नाला पहिला हात घातला होता तो १९८९ च्या नियमांच्या २००३ च्या दुरुस्तीने. वापरलेल्या तेलाची व्याख्या आणि त्यातल्या जड धातूंच्या मर्यादा ठरल्या. तेल शुद्ध करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. तेल सल्फ्युरिक ॲसिडने धुऊन मातीतून गाळायची जुनी पद्धत मागे हातभर विषारी गाळ सोडते. ती बंद करून निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या पद्धती वापरायला सांगितले गेले. हे सगळे योग्यच होते. पण त्याच दुरुस्तीत एक आकडा होता. वर्षाला १० टन किंवा त्याहून जास्त तेल ज्याच्याकडे निघते, त्याने ते फक्त नोंदणीकृत शुद्धिकारालाच विकावे. दहा टन म्हणजे साधारण अकरा हजार लिटर. एका मोटारसायकलीतून लिटरभर तेल निघते असे धरले आणि गॅरेज वर्षातले तीनशे दिवस चालते असे मानले, तर ही मर्यादा गाठायला रोज छत्तीस-सदतीस गाड्यांचे ऑईल बदलावे लागेल. दोन मिस्त्री आणि एक पोऱ्या असलेल्या गॅरेजात हे शक्य नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनात सहा-आठ लिटर आणि ट्रकमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट तेल बसते, पण ती कामे करणारी तालुक्यातली बहुतेक दुकानेही या आकड्याच्या खालीच राहतात. एसटी महामंडळ, महावितरण, रेल्वे अशा मोठ्या संस्था चौकटीत आल्या. त्यांच्या तेलाचा लिलाव होतो आणि कागद राहतो. पण जिल्ह्यातली मोटारसायकल, ट्रॅक्टर, काळी-पिवळी, मालवाहू टेम्पो आणि मळणीयंत्र, ही सगळी वाहने आणि यंत्रे जिथे दुरुस्त होतात ती जागा नियमाच्या दृष्टीने रिकामीच राहिली.

२००८ चे आणि त्यानंतर ४ एप्रिल २०१६ चे नियम अधिक नेटके आहेत. २०१६ च्या नियमांत इंजिन, गिअर, हायड्रॉलिक आणि ट्रान्स्फॉर्मरचे पुन्हा शुद्ध होऊ शकणारे तेल एका व्याख्येत आहे, तर रिफायनरी आणि जहाजांतला तेलकट गाळ वेगळ्या व्याख्येत. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, आणि तो हलवताना सोबत सात रंगांच्या प्रतींची पावती चालली पाहिजे. कारखान्याला हे जमते. बुलढाणा जिल्ह्यातल्या गॅरेजाला हे कोण सांगणार? प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सर्वांत जवळचे कार्यालय अकोल्यात आहे, घातक कचऱ्याचे विदर्भातले सामायिक केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला. मलकापूरहून ते तीनशे किलोमीटरांहून लांब पडते. नियम मोडणारा कोणी बदमाश असतो, असा इथे प्रकारच नाही. नियम नावाची काही गोष्ट आहे, हेच त्या जागी पोचलेले नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, जळके ऑईल कोणी फेकत नाही. त्याला भाव आहे. ड्रम भरला की भंगारवाला येतो, पैसे मोजतो आणि घेऊन जातो. मग नियमाची गरजच काय? यातले पहिले वाक्य खरे आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाल्यात सर्रास ओतले जाणारे तेल ही परदेशी पुस्तकांतली चित्रे इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण आपल्याकडे टाकाऊ वस्तूला गिऱ्हाईक मिळतेच. पण गिऱ्हाईक कोण, हे भाव सांगत नाही. त्याच ड्रममधले तेल शुद्धिकाराकडे जाऊ शकते, वीटभट्टीत किंवा डांबर गरम करणाऱ्या प्लांटमध्ये जळण म्हणून जाऊ शकते, स्लॅबच्या सेंट्रिंग प्लेटांना पुसायला जाऊ शकते, किंवा नुसते गाळून, रंगवून नामांकित कंपनीच्या डब्यात भरून परत त्याच गॅरेजात येऊ शकते. कागद आणि कर चुकवणारा नेहमीच चार रुपये जास्त देऊ शकतो. त्यामुळे बाजार मोकळा सोडला तर चांगल्या शुद्धिकाराच्या हाती सर्वांत कमी तेल लागते. तेलाचे पिंप उघड्या भट्टीत जळते तेव्हा इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू आणि जस्तयुक्त रसायने धुरासोबत आसपासच्या शेतात उतरतात. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेमुक्त पेट्रोल आले म्हणून जळक्या ऑईलमधले शिसे पूर्वीइतके राहिले नाही, हे खरे. पण तापलेल्या इंजिनात तयार होणारे बहुचक्रीय हायड्रोकार्बन तसेच आहेत, आणि त्यांतले काही कर्करोगकारक आहेत. मिस्त्रीचे हात कोपरापर्यंत त्याच तेलात असतात, ही गोष्ट या चर्चेत फार क्वचित येते.

गॅरेजातून भंगारात न जाणारा एक वाटा शेतावर जातो. डवऱ्याच्या, तिफणीच्या, गोठ्याच्या लाकडाला उधई लागू नये म्हणून जळक्या ऑईलचा हात फिरवणे, कुंपणाच्या खांबांची टोके त्यात बुडवून गाडणे, हे वऱ्हाडात पिढ्यांपासून चालत आले आहे. काटकसरीतून आलेली ही सवय हिणवण्यासारखी नाही. पण खांबावरचे तेल पावसागणिक मातीत उतरते. लाकडासाठी जवसाचे तेल हा पर्याय याच भागात होता आणि आहे. आणि पाण्याच्या बाबतीत या जिल्ह्याला चूक परवडणारी नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या मोठ्या भागात, विहिरीचे पाणी आधीच पिण्याजोगे नाही. वान धरणातून १४० गावांची योजना करून पाणी आणावे लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा एक जुना, बहुतेक ठिकाणी दिला जाणारा अंदाज आहे की, एका गाडीचे एका वेळचे तेल दहा लाख गॅलन गोड्या पाण्याची नासाडी करू शकते. हा आकडा कमाल मर्यादेचा मानून दहाव्या हिश्शावर आणला तरी तो विहिरीवर जगणाऱ्या गावाला पुरेसा भीतिदायक आहे.

मग काय शक्य होते? याचे उत्तर त्याच गॅरेजाच्या शेजारच्या दुकानात आहे. गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला गेलेला माणूस जुनी बॅटरी परत देतो आणि नवीच्या किमतीत सूट घेतो. हे कोणाला शिकवावे लागत नाही. २००१ च्या बॅटरी नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली. शिशाला भाव होता, तसा तेलालाही आहे. फरक एवढाच की, बॅटरीच्या नियमाने काउंटरवरच्या दुकानदाराला धरले आणि तेलाच्या नियमाने शेवटच्या शुद्धिकाराला. जुनी बॅटरी आडवाटेने जात नाही असे नाही. पण ती परत करायची असते, ही गोष्ट गावोगाव ठाऊक आहे. जर्मनीत १९८० च्या दशकापासून इंजिन ऑईल विकणाऱ्या दुकानाला, विकले तेवढे वापरलेले तेल ग्राहकाकडून फुकट परत घ्यावे लागते. आपल्याला जर्मनीचे उदाहरण लागूच नये, इतकी आपली स्वतःची बॅटरीची सवय बोलकी आहे.

तेलाच्या नियमांत १८ सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा दिशा बदलली. मूळ तेल आणि वंगण तयार करणाऱ्या, आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या तेलाची जबाबदारी आली. १ एप्रिल २०२४ पासून तिचा अंमल सुरू झाला. पहिल्या वर्षी ५ टक्के, २०२५-२६ मध्ये १० टक्के आणि पुढे चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत, एवढ्या तेलाच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे कंपन्यांनी नोंदणीकृत शुद्धिकारांकडून घ्यायची आहेत. तेलाचा काही भाग इंजिनातच जळतो, काही गळतो. परत मिळण्याजोगे तेल साधारण निम्मेच. म्हणून पन्नास टक्के हे लक्ष्य मुळीच लहान नाही. तेल गोळा करणाऱ्या माणसालाही या नियमांत पहिल्यांदा नाव आणि नोंदणी मिळाली. पस्तीस वर्षांतली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही तिच्यात एक उणीव आहे. लक्ष्य वजनाचे आहे, जागेचे नाही. पुणे, मुंबई, नागपूरची मोठी सर्व्हिस सेंटरे आणि कारखाने यांचे तेल गोळा करून पहिली कित्येक वर्षे लक्ष्य पुरे करता येईल, आणि मोताळा किंवा संग्रामपूरचा ड्रम कोणी हलवणार नाही. ऑईलचा डबा मात्र त्या गावांत रोज विकला जातो.

लहान गॅरेजांवर आणखी कागदपत्रे लादली तर ती बंद पडतील, हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. म्हणूनच कागद गॅरेजाने नव्हे, तेल नेणाऱ्याने आणि कंपनीने ठेवावा. मिस्त्रीच्या हाती फक्त एक पावती यावी. विजेवरच्या गाड्या आल्या की प्रश्न आपोआप मिटेल, असेही म्हटले जाते. शहरातल्या स्कूटरपुरते ते खरे ठरेल. पण राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून मलकापूर-नांदुरा-खामगाव असे जाणारे ट्रक, शेतातले ट्रॅक्टर आणि जेसीबी यांचे डिझेल लवकर सुटणार नाही; डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो, त्याने वर्दळ वाढवलीच आहे. शुद्ध केलेले तेल हलके असते ही तिसरी शंका आजच्या तंत्राला लागू नाही. इंजिनात तेलाचा मूळ पाया झिजत नाही. त्यात मिसळलेली रसायने संपतात आणि काजळी भरते. ती काढून नवी रसायने घातली की तेल पुन्हा तेच काम करते. आणि हिशेब पाहा: अडीच लिटरच्या आसपास वंगण तेल कच्च्या तेलातून काढायचे तर सुमारे १६० लिटर कच्चे तेल लागते, तेवढेच वंगण जळक्या ऑईलच्या चार लिटरांहूनही कमी साठ्यातून मिळते. कच्च्या तेलाचा बहुतेक साठा परदेशातून आणणाऱ्या देशाने ते चार लिटर वीटभट्टीत घालू नयेत.

राज्याच्या प्रदूषण मंडळाने प्रत्येक तालुक्याच्या गावी किमान एक नोंदणीकृत तेल गोळा करणारा असावा, अशी अट कंपन्यांच्या लक्ष्याला जोडावी. बुलढाण्यात अशी तेरा गावे आहेत. ऑईल विकणाऱ्या दुकानाने जुने ऑईल परत घ्यावे, हा बॅटरीचा २००१ चा नियम तेलालाही लावावा. हे होईपर्यंत वाचकांच्या हाती एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी गाडीचे ऑईल बदलाल तेव्हा, नट घट्ट होण्याआधी, मिस्त्रीला विचारा: हा ड्रम कोण नेतो, आणि त्याच्याकडे मंडळाची नोंदणी आहे का?