आईचं रक्त आणि दुसरं बाळ

पहिलं मूल सुखरूप जन्मतं, चांगलं बाळसं धरतं; आणि दुसऱ्या खेपेला बाळ पिवळंजर्द होतं, नाही तर पोटातच दगावतं. असं घडलं की पूर्वी दोष सुनेच्या माथी येई, अंगारेधुपारे होत. यातल्या काही घरांत खरं कारण असे ते रक्तात.

ए, बी, ओ हे रक्तगट आपल्या कानांवरून गेलेले असतात. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर या शास्त्रज्ञांनी ऱ्हिसस माकडांच्या रक्तावर प्रयोग करताना आणखी एक घटक दाखवून दिला. तोच आर-एच. आपल्याकडे शंभरांत साधारण पाच जणांच्या रक्तात तो नसतो. त्यांना निगेटिव्ह म्हणतात. हा काही रोग नव्हे, आणि त्यापायी सोयरीक मोडण्याचंही कारण नाही.

अडचण येते ती आई निगेटिव्ह आणि बाळ वडिलांसारखं पॉझिटिव्ह असेल तेव्हा. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतं. तोवर पहिलं बाळ जन्मलेलं असतं, म्हणून ते बहुधा बचावतं. प्रतिद्रव्ये मात्र राहतात, आणि पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की वारेतून जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात.

१९६८ साली यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन वापरात आलं. एक अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास; दुसरं, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर, बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली की मग त्याचा उपयोग नाही. म्हणजे पाचवी पुजेपर्यंतसुद्धा थांबून चालत नाही!

आणि इथंच आपली रीत आड येते. लेक पहिलटकरीण, तपासणी झाली कोल्हापुरात सासरी, बाळंतपण राधानगरीकडं माहेरी, अन् रक्तगट लिहिलेलं कार्ड सासरच्या कपाटात. ओटी भरून पाठवणी कराल तेव्हा साडीचोळीबरोबर ते कार्डही पिशवीत घाला. नवऱ्याचा रक्तगटही त्यावर लिहून घ्या. दोघंही निगेटिव्ह असतील तर बाळही निगेटिव्हच होतं, इंजेक्शन लागत नाही.

गर्भपात झाला, किंवा दिवस असताना अंगावरून रक्त गेलं, तरी निगेटिव्ह बाईनं तडक डॉक्टरांना गाठावं. ‘मूल तर राहिलंच नाही, आता कसली सुई?’ असं म्हणून घरी बसू नये. ती सुई पुढच्या बाळासाठी असते.