बांधलेल्या नावा, रिकामे हात
काशीचा दशाश्वमेध घाट हे जसे तीर्थ, तसेच नावाडी, न्हावी, फुलवाले व पुरोहित यांच्या चरितार्थाचे साधन. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. यात्रेकरू थांबले आणि नावा काठाला बांधल्या गेल्या. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेने सुमारे 24 टक्क्यांनी घटले. वल्हे मारणाऱ्या हातांनी दुसरे काम शोधावे, तर तेही दुर्मिळ.

त्या वेळी खेड्यातील कुटुंबाला कायद्याने वर्षाकाठी 100 दिवसांच्या कामाची हमी होती. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात घालून दिलेल्या वाटेचेच ते फळ. शहरातील नावाड्याला मात्र ती हमी नव्हती.

मंदीत गिऱ्हाईक नाहीसे होते, कौशल्य नव्हे. म्हणूनच कामाची हमी गावाच्या वेशीवर थांबता कामा नये.