फळ्यांनाही घराची सवय हवी!

पावसाळ्यात घरातले दार चौकटीत घट्ट बसते आणि उन्हाळ्यात तेच सैल होते, हे तुम्ही पाहिले असेलच. असे का होते बरे?

लाकूड म्हणजे असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या भिंती हवेतला ओलावा शोषून फुगतात. हवा कोरडी झाली, की तो सोडून देतात आणि आकसतात. गंमत अशी, की फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही. बदलते ती मुख्यतः रुंदी.

आता समजा, पोटमाळ्यावर सागवानी फळ्या ठोकायच्या आहेत. पावसाळी हवेत ठेवलेली २० सेंटिमीटर रुंदीची फळी पुढे कोरड्या ऋतूत सुमारे २ मिलिमीटरने आकसू शकते. अशा दहा फळ्यांचे मिळून २ सेंटिमीटर झाले! मग फटींतून धूळ खाली गळू लागते. उलट, फार कोरड्या फळ्या गच्च बसवल्या, तर पावसाळ्यात त्या फुगून कमानीसारख्या वर उचलल्या जातात.

म्हणून जाणता सुतार घाई करीत नाही. फळ्या तो त्याच माळ्यावर, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवतो. किती दिवस? ते तराजूला विचारा! त्यातलीच एक लहान फळी दर आठवड्याला तोलून वजन लिहून ठेवा. वजन बदलायचे थांबले, की लाकडाचे आणि घरातल्या हवेचे जमले असे समजा.

तरीही ऋतू बदलणारच. म्हणून भिंतीलगत बोटभर फट सोडायची. फुगणाऱ्या लाकडाला तेवढी जागा हवीच, नाही का?